मालाविना बारदाना

मी एक रिकामा बारदाना बोलतोय. बसा, निवांत बसा. मी रागात आहे, पण दारात आलेल्याला उभं ठेवायची माझी रीत नाही.

मोंढ्यातलं धान्याचं गोणपाट डोळ्यांपुढे आणू नका. मी इतका बारीक आहे की तुमच्या एका केसाच्या रुंदीवर माझ्यासारखे हजारो जण ओळीनं बसतील. विषाणू म्हणजे अखेर काय? आत माल, वरून बारदाना. माल म्हणजे रोगाचा हुकूम, ‘घरात शिर आणि माझ्यासारखे आणखी तयार कर’ असं सांगणारा धागा. बारदाना म्हणजे त्या धाग्याभोवतीचं प्रथिनाचं कवच. मी ते कवच. माझ्यात माल कधी भरलाच गेला नाही. मी कुणाला खोकला देत नाही की ताप देत नाही. एखादं पानसुद्धा मला पिवळं करता येत नाही.

तरी लोक मला रोगच म्हणतात. सेनगावच्या रस्त्यावर एकदा रिकाम्या पोत्यांनी भरलेली जीप एका हवालदारानं अडवली. म्हणाला, “माल कुठाय?” जीपवाला म्हणाला, “साहेब, पोतीच हायेत.” तर हा म्हणे, “मग माल लपवला कुठं ते बोल.” दुपारपर्यंत त्याला उन्हात उभा केला. हा किस्सा मी एका दुकानात ऐकला आणि त्या जीपवाल्यावर माझा जीव बसला. माझं आयुष्य तेच आहे.

माझा जन्म हिंगोलीचा. जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. तिथल्या एका कॉलेजात राधिका नावाची पोरगी संशोधन करत होती. पुसेगावची. वडील ग्यानोबा शेळ्या-मेंढ्या राखायचे, आई भागाबाई घर आणि दूध सांभाळायची. शेळ्यांसाठी बांधावर शेवरी लावलेली. एका वर्षी शेवरीच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आले, झाडं खुजी झाली, शेळ्या पाल्याला तोंड लावीनात. भागाबाई म्हणाली होती, “राधे, तू एवढी शिकून राहिली, तर ह्या पाल्याला काय झालं ते तरी सांग.” पोरीनं ते मनावर घेतलं. रोग विषाणूचा निघाला. आणि त्या विषाणूचं कवच आपलं आपण कसं जुळतं, हा तिच्या संशोधनाचा विषय झाला.

तिचे गाईड परमेश्वर सर. खोटं कशाला बोलू, माणूस हुशार. कवच बनवायची कृती ज्यावर लिहिलेली असते ती डीएनएची बारीकशी अंगठी त्यांनीच बंगळूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून बर्फात घालून आणली. ती अंगठी आतड्यात राहणाऱ्या साध्या जिवाणूंच्या पोटात घातली. जिवाणू म्हणजे हुकमाचा ताबेदार कारागीर. रोगाचा धागा त्यांना दिलेलाच नव्हता, फक्त कवचाची कृती दिली होती. ते बिचारे कवचाचे तुकडे पाडत बसले.

पण हिंगोलीचा उन्हाळा आणि आठ-आठ तास गेलेली लाईट! फ्लास्क हलवायचं यंत्र बंद पडायचं, जिवाणू तापायचे, आणि आम्ही तुकडे एकमेकांत गुंतून साबुदाण्याच्या फसलेल्या खिचडीसारखे गोळे व्हायचो. राधिका ते गोळे बघायची आणि ओतून द्यायची. मग तिनं घरचा इलाज केला. फ्लास्कला ओलं गोणपाट गुंडाळलं, वर पाण्याची धार धरली, आणि लाईट नसली की हातानं फ्लास्क घुसळत बसली. शिपाई म्हणायचा, “ताई, ताक झालं का?” ती म्हणायची, “लोणी निघालं की तुलाच देते भाऊ.”

गारव्यात मात्र आम्ही नीट घडलो. आणि मग जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. कुणी मुकादम नाही, कुणी दोरा ओवत नाही, तरी तुकड्याला तुकडा भिडत गेला. एकशेऐंशी तुकडे आपापली जागा धरून बसले आणि वीस बाजूंचा गोल बांधा उभा राहिला. माझ्यासारखे कोट्यवधी उभे राहिले, पण तुमच्याशी बोलणारा मी एकटा.

जिवाणू फोडून राधिकानं आम्हाला मऊ जेल भरलेल्या उंच काचनळीतून सोडलं. बारीक-सारीक प्रथिनं त्या जेलच्या भोकाभोकांत शिरून रमली, जशी बाजारच्या दिवशी लेकरं प्रत्येक पालात डोकावतात. आम्ही मोठे. बैलगाडीसारखे सरळ रस्त्यानं निघालो आणि सगळ्यांत आधी बाहेर आलो. तिनं खिडक्या लावल्या आणि आमच्या नळीवर टॉर्च मारला. पाण्यातून निळसर रेघ सरळ आरपार गेली. कवच जुळलेलं असलं की उजेड असा अडखळतो. नुसते सुटे तुकडे असले की काही दिसत नाही.

परमेश्वर सर धावत आले. त्यांनी स्वतःच्या हातानं टॉर्च मारला, स्वतःच्या डोळ्यांनी ती रेघ पाहिली. “वा! वा राधिका!” म्हणाले. हे ध्यानात ठेवा. त्यांनी पाहिली होती.

चार दिवसांत स्थानिक पेपरात बातमी आली, ‘हिंगोलीच्या प्राध्यापकाने घडविले विषाणूचे कवच’. प्राचार्यांनी सरांना शाल-श्रीफळ दिलं. राधिका मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तिला वाईट वाटलं नाही. मला वाटलं. पण बारदान्याला कोण विचारतं?

आता पक्का पुरावा हवा होता, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो. ते यंत्र हैदराबादला. राधिका म्हणाली, “सर, मी येते संगं.” सर म्हणाले, “तू कशाला? तिथं सगळं इंग्रजीत चालतं.”

जायच्या दिवशी कॉलेजची लाईट गेलेली. म्हणून राधिकानं आमची नळी बसस्टँडजवळच्या रामप्रसाद काकांच्या दुकानात ठेवली होती. कुल्फी आणि थंड बाटल्यांचं दुकान. आधीही लाईट गेली की मी तिथंच असायचो. बोलायला मी त्या गल्ल्यावरच शिकलो. लिंबू सोड्याच्या बाटल्यांशेजारी आमची नळी बघून गिऱ्हाईक विचारायचं, “सेठ, ह्ये काय हाय?” काका म्हणायचे, “पुसेगावच्या पोरीचा माल है. हात मत लगाना.” एकदा कुणी म्हणालं, “रोग हाय म्हणत्यात.” काका भडकले. “रोग तेरी जबान में है. चल, बाटलीचे पैसे दे और निकल.” त्या दिवसापासून हा माणूस माझा.

आणि घोळ त्याच माणसाच्या मायेतून झाला.

राधिकानं सांगून ठेवलं होतं, “काका, बर्फात ठेवून द्या. बाकी काही करू नका.” ती तासाला गेली. सर घाईत आले, कानाला मोबाईल. काकांनी थर्मासात बर्फ भरला, नळी खुपसली, आणि विचार केला की वैशाखाचा उन्हाळा, हैदराबाद लांब, पोरीचा माल कमी गार राहता कामा नये. आता जन्मभर कुल्फी करणाऱ्याला बर्फ जास्त गार करायचा एकच उपाय माहीत. त्यांनी खडे मिठाचं पोतं ओढलं.

“सरजी, मीठ डालूं? कुल्फी को डालते वैसा?”

सर फोनवर कुणाला तरी फोटो कधी येणार ते सांगत होते. हातानंच म्हणाले, टाका, टाका. काकांनी दोन ओंजळी टाकल्या. वर म्हणाले, “बेटी का काम है, कंजूसी नको.”

वाटेत बर्फ वितळला. गारठ्यानं आखडलेल्या नळीच्या झाकणातून खारं पाणी आत पाझरलं. आमची पकड मुळात नाजूक असते हो, एकाच्या हातात दुसऱ्याचा हात एवढीच. मीठ मधे आलं आणि हात सुटले. हैदराबाद यायच्या आत आम्ही सगळे सुटे झालो होतो.

तिथल्या बाईंनी यंत्राखाली बघितलं आणि साधेपणानं म्हणाल्या, “काहीच नाही. कवच एकही नाही.” सरांनी नळी पुढे-मागे केली, घाम पुसला आणि मला परत थर्मासात टाकलं. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, विचार करून राहिलेत, कुठं काय बिघडलं असेल. मी भोळा. ते शालीचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी सायन्सच्या व्हरांड्यात, पोरं-पोरी प्रॅक्टिकलला जमलेली असताना, सरांनी राधिकाला उभं केलं.

“मला फसवलंस तू. टॉर्च दाखवून मूर्ख बनवलंस. घरी शेळ्या आहेत ना? नळीत शेळीच्या दुधाचे चार थेंब टाकले की अशीच रेघ दिसते. खोटारडी!”

मग कुणीतरी फिसकन हसलं. एक हसला की बाकीच्यांना धीर येतो, हे मी दुकानात पुष्कळ पाहिलंय. राधिका म्हणाली, “सर, तुमी सोता पाह्यलं व्हतं.” सर म्हणाले, “मी दूध पाहिलं.”

मला राग कशाचा येतो सांगू का? प्रयोग फसला म्हणून नाही. प्रयोग रोज फसतात, खिचडीसारखे गोळे मीच झालेलो आहे. माणसानं ‘माहीत नाही’ म्हणावं, ‘बघू’ म्हणावं. पण स्वतःच्या खांद्यावरची शाल घसरू नये म्हणून दुसऱ्याच्या अंगावरचं नाव ओढून काढायचं? आणि तेही आईच्या शेळ्यांवर घसरून? त्या शेळ्यांच्या पाल्यासाठी तर हे सगळं सुरू झालं होतं.

ही बातमी पुसेगावात जीपच्या आधी पोचली. भागाबाई दूध घालायला गेली की बाया विचारायच्या, “भागाबाई, आज किती थेंब हैदराबादला पाठवले?” ग्यानोबा मेंढ्या घेऊन लांबच्या रानात राहू लागले. आणि कॉलेजनं चौकशीची समिती नेमली. राधिकानं ‘मी खोटे निष्कर्ष दाखवले’ असं कबूल करावं, म्हणजे प्रकरण मिटेल, असा निरोप आला. कबूल केलं की संशोधन संपलं. नाही केलं तर सर कागदावर सही करणार नव्हते, म्हणजे तरीही संपलंच.

राधिकानं थर्मास उघडला. मी तळाशी. तिनं नळी बाहेर काढून सावलीत ठेवली, आणि वाळल्यावर काचेवर पांढरी खरखर उठली. तिनं बोट लावून जिभेला लावलं. तशीच उठून रामप्रसाद काकांकडे गेली, मला मुठीत धरून.

“काका, बर्फात मीठ टाकलं व्हतं का?”

“टाकलं म्हंजे? दो ओंजल! बराबर गार राहिलं ना?”

राधिका बाकावर बसली. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. “काय झालं बेटा? कमी पडलं का?”

त्यांना दोष द्यायला जागाच नव्हती. तिनं एवढंच विचारलं, “सर व्हते का तवा?”

“सामने खडे थे. मैने पूछा, तर हातानं म्हणाले, टाका.”

तिनं हे समितीत सांगितलं असतं तर काकांचीच फजिती झाली असती. सगळं खापर कुल्फीवाल्यावर फुटलं असतं. ती काकांना म्हणाली, “तुमी काळजी करू नका. तुमी माझं काम सोपं केलं.” मला वाटलं, पोरगी त्यांचं मन राखायला बोलते. तसं नव्हतं.

तिनं आमचे सुटे तुकडे पातळ पडद्याच्या पिशवीत भरले, तोंड बांधलं आणि पिशवी अळणी पाण्याच्या भांड्यात सोडली. त्या पाण्यात आमची पकड सांधणाऱ्या कॅल्शियमचा किंचित अंश होता. पडद्यातून मीठ बाहेर जात होतं, आम्ही मोठे म्हणून आत राहत होतो. ती पाणी बदलत होती. आणि मीठ कमी होत गेलं तसा पुन्हा कुणाचा तरी हात हाताला लागला. मग दुसरा. कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही. तिनं टॉर्च मारला. निळसर रेघ!

मग तिनं मुद्दाम मीठ घातलं. रेघ गेली. काढलं. रेघ आली. आता आम्ही कसे जुळतो आणि कशानं सुटतो हे तिला कळलं होतं. तिचा विषयच तो होता. पण आनंदानं नाचायचे ते दिवस नव्हते. तिनं पुसेगावला निरोप धाडला, “माय, चौकशीच्या दिवशी ये. येताना शेळीचं दूध घेऊन ये.”

भागाबाई आली. कॉलेजच्या व्हरांड्यात, किटली पदराखाली धरून उभी राहिली. पोरं बघत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. ती कुणाकडे बघेना.

आत प्राचार्य, बाहेरून आलेले एक मोठे प्राध्यापक, आणि परमेश्वर सर. दार लावलेलं, पडदे ओढलेले. राधिकानं टेबलावर काचेच्या नळ्या मांडल्या. एकीत पाणी आणि आईच्या किटलीतले दुधाचे थेंब. दुसरीत मी. टॉर्च मारला, दोन्हीत रेघ.

“सर म्हणाले व्हते, मी दूध दाखवलं. बराबर आहे, दोन्ही सारखंच दिसतं. आता बघा.”

तिनं दोन्हीत मीठ घातलं. माझे हात पुन्हा सुटले. दुखतं हो ते. पण त्या दिवशी मी आनंदानं सुटलो. दुधातली रेघ होती तशीच राहिली. माझ्यातली विझत विझत गेली आणि पाणी नितळ झालं. मग तिनं तिसरी नळी पुढे केली, ज्यातलं मीठ तिनं आधीच काढून टाकलं होतं. तिच्यात रेघ लख्ख उभी.

“हैदराबादला माल खारा होऊन गेला. म्हणून तिथं कवच दिसलं न्हाई. पुन्हा पाठवा. ह्या वेळी मी सोता नेते.”

बाहेरचे प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी टॉर्च मागून घेतला, तीनदा पाहिलं आणि हसले. “शाब्बास. जोडणी आणि सुटणी, दोन्ही हातात आली की तुझ्या.” म्हणजे प्रकरण संपलं? छे. आता खरी गंमत ऐका.

परमेश्वर सरांनी घसा खाकरला. “मी तिची परीक्षाच घेत होतो.” आणि प्राचार्य हसले! म्हणाले, “चला, गैरसमज दूर झाला. चहा मागवा.” सगळ्यांचे चेहरे कसे मोकळे झाले. जणू काही झालंच नव्हतं. मी सुटा होऊन नळीत पडलो होतो, नाहीतर त्या टेबलावर उसळलो असतो.

राधिका उठली आणि तिनं दार उघडलं. ऊन आत आलं. व्हरांड्यातली पोरं दिसली, भागाबाई दिसली.

“अगं दार लाव,” प्राचार्य म्हणाले.

“सर मला खोटारडी म्हणले तवा व्हरांड्यात म्हणले व्हते. आता बी तिथंच म्हणावं लागंल, का मी खोटी न्हाई.”

सर हळू आवाजात म्हणाले, “मिसअंडरस्टँडिंग झालं होतं.”

“म्हंजे काय वो?” भागाबाईनं दारातून विचारलं.

“माय,” राधिका म्हणाली, “सर म्हणून राहिले का मी खरी आहे. व्हय ना सर?”

सरांनी मान हलवली. हलवली म्हणजे काय, काकांच्या दुकानात उधारी मागितली की गिऱ्हाईक हलवतं तशी. हो की नाही ते ज्याचं त्यानं समजावं.

भागाबाईनं किटली खाली ठेवली. एक पाऊल आत टाकलं. “मान नगा हलवू, सर. तवा मान हलवली व्हती का? तोंडानं म्हणले व्हते ना? मंग तोंडच हलवा.”

व्हरांड्यात कुणी हसलं नाही. सर उठले, दारापर्यंत आले. त्यांचं ते पुस्तकी बोलणं कुठं गेलं कोण जाणे. सेनगाव भागातल्या त्यांच्या गावात बोलत असतील तसं बोलले, “तुमची पोरगी खरी हाय, बाई. मीच खोटं बोललो.”

“मोठ्यानं,” भागाबाई म्हणाली.

ते मोठ्यानं म्हणाले.

राधिका तिसरी नळी घेऊन त्याच आठवड्यात हैदराबादला गेली, स्वतः. थर्मासात रामप्रसाद काकांचाच बर्फ होता, आणि काकांनी मिठाचं पोतं शेजारच्या दुकानात नेऊन ठेवलं होतं, चुकून हात जाऊ नये म्हणून. फोटो आला म्हणतात. मी पाहिला नाही.

मी दुसऱ्या नळीतला. दाखवण्यासाठी सुटा केलेला. समितीच्या खोलीच्या खिडकीत मला ठेवून सगळे निघून गेले. राधिकाही त्या गडबडीत विसरली, आणि तिच्यावर माझा राग नाही. पाणी आटतंय, कडेला मीठ जमतंय. शिपाई झाडायला आला की मला मोरीत ओतेल.

पण माझा राग तेवढा ओतू नका. मला सुटं करणारं मीठ तरी काढता येतं. तुम्ही चारचौघांत कुणाला खोटं ठरवता, आणि चूक कळली की बंद दारामागे चहा मागवता. तिथं कुणाची जोडणी होत नाही. तुमच्यापैकी कुणी असं बोलून बसला असेल तर बाबांनो, उठा. ज्या ओट्यावर बोललात त्याच ओट्यावर जा, आणि तोंडानं बोला. मोठ्यानं.

झाडूचा आवाज येतोय. निघतो मी.